नायिकेचा नकार
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



प्रेमकथेतल्या स्त्रीविषयी बोलायचं म्हटलं की चर्चा बहुधा तिच्या रूपापासून सुरू होते. तिचे डोळे, तिचे केस, तिची नाजूक प्रकृती, तिचं ते खिडकीशी बसून वाट पाहणं. मग कुणी म्हणतं, नायिका फारच सोशिक दाखवली आहे. दुसरं कुणी म्हणतं, छे, चांगली बाणेदार आहे की! मला आज जरा वेगळा प्रश्न विचारायचा आहे. कथेतली स्त्री जेव्हा 'नाही' म्हणते, तेव्हा पुढे काय होतं? ते कुणी ऐकतं का? त्याची तिला काय किंमत मोजावी लागते? आणि लिहिणारा तो नकार खरा मानतो, की लाजेचा, लाडाचा एक प्रकार समजून पुढे चालू लागतो?

या प्रश्नासाठी मी इंग्रजी साहित्य निवडलं आहे, कारण आज जगभर खपणाऱ्या प्रेमकथेचा साचा बराचसा तिथे घडला. इंग्रजीत 'रोमँटिक' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि मराठीतही आपण दोन्हीसाठी तोच शब्द वापरतो. एक अर्थ वाङ्मयीन संप्रदायाचा. वर्ड्‌स्वर्थ आणि कोलरिज यांचा 'लिरिकल बॅलड्स' हा संग्रह १७९८ साली निघाला, तिथून कीट्स, शेली, बायरनपर्यंतची ती परंपरा. आपल्या केशवसुतांच्या पिढीने हेच कवी वाचले, आणि पुढे आमच्यासारख्यांनी बी.ए.ला तेच अभ्यासले. दुसरा अर्थ रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलचा. गुळगुळीत मुखपृष्ठ, त्यावर उंचपुरा पुरुष आणि त्याच्या मिठीत मान मागे टाकलेली तरुणी. या दोन अर्थांच्या मध्ये दोनशे वर्षं आहेत. पण नातं जवळचं आहे.

सुरुवात थोडी आधीपासून करू. १७४० साली सॅम्युएल रिचर्डसन याची 'पामेला' ही कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. पामेला ही पंधरा वर्षांची मोलकरीण. घरमालक तिच्या मागे लागतो, तिला आमिषं दाखवतो, दूरच्या वाड्यात कोंडून ठेवतो, तिची पत्रं चोरून वाचतो. ती प्रत्येक वेळी नकार देते. शेवटी त्याचं मन पालटतं आणि तो तिच्याशी लग्न करतो. कादंबरीचं उपशीर्षक 'सद्गुणाचं बक्षीस' अशा अर्थाचं आहे. बक्षीस म्हणजे काय, तर तिला कोंडून ठेवणारा तोच माणूस! एका गरीब मुलीचा नकार पानोपानी गंभीरपणे लिहिला गेला, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. पण अखेर तो नकार भाव वाढवून घेण्याइतकाच उरला, अशी टीका तेव्हाही झाली.

रिचर्डसनने पुढे १७४७-४८मध्ये 'क्लॅरिसा' लिहिली, सात खंडांची. क्लॅरिसाचं घराणं तिला एका श्रीमंत, नकोशा माणसाच्या गळ्यात बांधायला निघालं आहे. ती नाही म्हणते. त्या जाचातून सुटण्याच्या धडपडीत ती लव्हलेस नावाच्या देखण्या, बोलघेवड्या माणसाच्या हाती सापडते. तो तिला गुंगीचं औषध देऊन तिच्यावर अत्याचार करतो. आता लग्नच करून टाक, असा सल्ला तिला तिची जिवलग मैत्रीणसुद्धा देते. क्लॅरिसा नकारावर ठाम राहते आणि मरते. कादंबरी भागाभागाने निघत होती, तेव्हा वाचकांनी लेखकाला पत्रं लिहिली, की शेवट गोड करा. गोड शेवट म्हणजे लव्हलेसशी लग्न! रिचर्डसन बधला नाही. पण ती पत्रं मला महत्त्वाची वाटतात. नायिकेचा नकार पुसून टाकावा अशी इच्छा कथेतल्या खलनायकाची असतेच. पुष्कळदा ती वाचकांचीही असते.

आता त्या थोर रोमँटिक कवींकडे येऊ. त्यांनी स्त्रीवर उत्कट लिहिलं, यात शंका नाही. पण त्यांच्या कवितेतली स्त्री बोलते किती? वर्ड्‌स्वर्थच्या 'ल्यूसी' कविता प्रसिद्ध आहेत. ल्यूसी सुंदर आहे, एकाकी आहे, निसर्गाची लेक आहे आणि ती मरते. या कवितांत तिच्या तोंडचं एकही वाक्य नाही. कीट्सची १८१९ची 'ला बेल दाम सां मेर्सी' ही कविता घ्या. नावाचाच अर्थ 'निर्दय सुंदरी'. एक सरदार रानात भेटलेल्या परीसारख्या स्त्रीची कहाणी सांगतो. तिची भाषा त्याला परकी आहे. तरीही तिने आपल्यावर प्रेम असल्याचं सांगितलं, हे तो खात्रीने सांगतो. भाषा कळत नाही, पण होकार तेवढा नेमका कळला! आणि पुढे ती दिसेनाशी झाली की ती निर्दय ठरते. तिची बाजू कवितेत नाही. कीट्सला हा खेळ कळत होता, असं मानायला जागा आहे. पण ही कविता वाचून मोहरलेल्या कित्येक वाचकांना ती निर्दय सुंदरीच आठवते, न समजलेली भाषा आठवत नाही.

मी गझल ऐकत लहानाची मोठी झाले आणि त्या परंपरेवर माझा जीव आहे. म्हणून सांगते, हा दोष एकट्या इंग्रजांचा नाही. उर्दू गझलेतल्या प्रिय व्यक्तीसाठी क्रियापद पुल्लिंगी येतं, तिचं नाव नसतं, गाव नसतं. तिच्या नकाराला गझलेत 'जुल्म' म्हणतात, तिच्या दुर्लक्षाला 'सितम'. म्हणजे तिने फक्त होकार दिला नाही, एवढ्यावरून ती जुलमी ठरते. ही कवितेची रीत आहे, तिच्यातून फार सुंदर शेर जन्मले आहेत. पण हीच रीत कवितेतून उतरून गल्लीच्या कोपऱ्यावर उभी राहिली, तर काय होतं, तेही आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

त्याच रोमँटिक वर्तुळातल्या एका मुलीने मात्र हा प्रश्न नेमका पकडला. मेरी शेली. तिची आई मेरी वोलस्टनक्राफ्ट. स्त्रियांच्या हक्कांचा कैवार घेणारं १७९२चं गाजलेलं पुस्तक या आईचं. मुलीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई वारली. मुलीने वयाच्या अठराव्या वर्षी 'फ्रँकेनस्टाइन' लिहायला घेतली. १८१८ साली ती लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली. भयकथा म्हणून ती सर्वांना माहीत आहे. एक शास्त्रज्ञ प्रेतांच्या अवयवांपासून जिवंत प्राणी घडवतो. तो प्राणी एकटेपणाने पिसाटतो आणि आपल्यासाठी एक जोडीदारीण घडव, मग आम्ही दोघं माणसांपासून दूर निघून जाऊ, अशी अट घालतो. शास्त्रज्ञ कबूल होतो. दूरच्या ऑर्कनी बेटावर त्याचं काम सुरू होतं. स्त्री अर्धीअधिक तयार होते आणि मग त्याच्या मनात शंका येतात. त्यातली एक शंका अशी, की हिच्या जन्माआधी आम्ही दोघांनी केलेला करार हिने मानलाच नाही तर? ती त्याला आवडून न घेता निघून गेली तर? आणि तो ते अर्धवट शरीर फाडून टाकतो.

श्रोतेहो, या एका प्रसंगाइतकं स्पष्ट काही मला त्या काळच्या साहित्यात आढळत नाही. दोघा पुरुषांनी एका स्त्रीबद्दल परस्पर ठरवलं. ती नाही म्हणू शकेल, एवढी नुसती शक्यता मनात आली आणि तिला जन्मच नाकारला गेला. विशीच्या आतल्या मुलीने हे लिहिलं.

भयकथेत जे घडलं, ते रोजच्या दिवाणखान्यात कसं घडतं, हे जेन ऑस्टेनने आधीच दाखवलं होतं. तिची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ची. बेनेट कुटुंबात पाच मुली. वारसाहक्काच्या तरतुदीमुळे वडिलांच्या पश्चात घर आणि जमीन जाणार दूरच्या नात्यातल्या कॉलिन्स या पाद्र्याकडे. हा कॉलिन्स दुसऱ्या मुलीला, एलिझाबेथला, मागणी घालतो. ती सभ्यपणे, स्पष्ट शब्दांत नाही म्हणते. त्यावर तो प्रसन्नपणे तिला समजावतो, की चांगल्या घरच्या मुली मनात होकार असला तरी पहिल्यांदा नाहीच म्हणतात, कधी कधी दोनदा, तीनदाही म्हणतात, हे मला ठाऊक आहे. ती पुन्हा सांगते. तो पुन्हा खूश होतो. अखेर एलिझाबेथ मनाशी ठरवते, की आता वडिलांनाच सांगायला लावावं. त्यांचा नकार तरी याला नकार म्हणून समजेल.

प्रसंग विनोदी आहे, हसू येतंच. पण हसताना एक हिशेबही लक्षात ठेवायला हवा. एलिझाबेथने होकार दिला असता तर पाच बहिणींचं आणि आईचं छप्पर शाबूत राहिलं असतं. तिची मैत्रीण शार्लट, वय सत्तावीस, हाच हिशेब करते आणि त्याच कॉलिन्सला स्वीकारते. ऑस्टेन शार्लटला दोष देऊन मोकळी होत नाही. नकार ही चैन सगळ्यांना परवडत नाही, हे ती दाखवते. तिला ते माहीत होतं. डिसेंबर १८०२मध्ये हॅरिस बिग-विदर या जमीनदाराच्या मुलाने तिला मागणी घातली होती. संध्याकाळी तिने होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत घेतला. होकार दिला असता तर मोठं घर, सुरक्षित म्हातारपण, आईला आणि बहिणीला आधार, सगळं मिळालं असतं. ती अविवाहित राहिली आणि १८११ पासून तिची पुस्तकं प्रसिद्ध होऊ लागली, तीही लेखिकेच्या नावाविना.

कादंबरीतला खरा नायक डार्सी. वर्षाला दहा हजार पौंडांचा धनी. तोही आधी मागणी घालतो ती उपकार केल्यासारखी, आणि एलिझाबेथ त्यालाही नाकारते. इथे डार्सीचं वेगळेपण काय, तर तो ऐकतो. ती काय म्हणाली, यावर महिनोन्‌महिने विचार करतो. दुसऱ्यांदा विचारतो तेव्हा आधी सांगतो, की तुझं मन अजून तसंच असेल तर एका शब्दाने मला थांबव. मी पुन्हा हा विषय काढणार नाही. डार्सी लोकप्रिय झाला तो त्याच्या वाड्यामुळे आणि रुबाबामुळे, असं समजलं जातं. माझ्या मते त्याची खरी श्रीमंती या एका वाक्यात आहे. त्याच्यानंतरच्या शेकडो नक्कली नायकांनी त्याचा ताठा उचलला, हे वाक्य उचललं नाही.

ताठ्याची दुसरी खाण होती बायरन. त्याचे उदास, देखणे, पापाची सावली वागवणारे नायक वाचकांनी डोक्यावर घेतले. 'द कॉर्सेअर' हे त्याचं काव्य १८१४ साली निघालं आणि पहिल्याच दिवशी त्याच्या दहा हजार प्रती खपल्या. त्या नायकाची सावली १८४७ सालच्या 'जेन एअर'मधल्या रॉचेस्टरवर पडली आहे. शार्लट ब्राँटीने ही कादंबरी करर बेल या टोपणनावाने प्रसिद्ध केली. जेन अनाथ, गरीब, दिसायला साधी. रॉचेस्टरच्या घरी ती शिक्षिका म्हणून येते. दोघांचं प्रेम जुळतं, आणि ऐन लग्नाच्या वेळी चर्चमध्ये उघड होतं, की त्याची पहिली बायको जिवंत आहे आणि त्याच घराच्या तिसऱ्या मजल्यावर कोंडलेली आहे. तो जेनला म्हणतो, आपण परदेशी जाऊन राहू. तो रडतो, विनवतो, धाक घालतो. तुझं जगात आहे कोण, तू कशी वागलीस याची कुणाला पडली आहे, असंही विचारतो. आपली काळजी आपल्याला आहे, एवढंच तिचं उत्तर. प्रेम असूनही ती नाही म्हणते आणि पहाटे घर सोडते. जवळ वीस शिलिंग. ते गाडीभाड्यात जातात, बोचकं गाडीत राहतं आणि पुढे तिच्यावर डुकराला घालायची थंड लापशी मागून खायची पाळी येते. प्रेमकथेने नकाराची किंमत एवढ्या रोकड्या भाषेत क्वचितच सांगितली असेल.

तिचा दुसरा नकार आपल्या देशाशी जोडलेला आहे. सेंट जॉन हा धर्मोपदेशक तिला बायको करून हिंदुस्थानात न्यायला निघाला आहे. त्यासाठी तो तिला हिंदुस्थानी भाषा शिकवतो. आमच्या घरात दखनी बोलली जाते, त्यामुळे इंग्लंडच्या थंडीत ती इंग्रज मुलगी आमच्या भाषेच्या धाकट्या बहिणीचे धडे गिरवते आहे, या चित्राचं मला नेहमी कौतुक वाटतं. जेन म्हणते, सहकारी म्हणून येते, बायको म्हणून नाही, कारण तुमचं माझ्यावर प्रेम नाही. तो तिला बजावतो, की तू मला नव्हे, देवाला नाकारते आहेस. धर्माचं वजन टाकून होकार काढून घेणारा हा माणूस सद्गुणी आहे, हे ब्राँटी विसरत नाही. म्हणून तर त्याला नाही म्हणणं अवघड. स्वतः शार्लटने १८३९मध्ये मैत्रिणीचा भाऊ हेन्री नसी या पाद्र्याची मागणी नाकारली होती.

पण 'जेन एअर'मध्ये आणखी एक स्त्री आहे. तिसऱ्या मजल्यावरची बर्था. जमैकाच्या स्पॅनिश टाऊनची, तीस हजार पौंड घेऊन आलेली. तिचं हसणं, गुरगुरणं आपल्याला ऐकू येतं. तिची कहाणी मात्र सांगतो तिचा नवरा. तिला कुणी काही विचारलं होतं का, ती काय म्हणाली, हे कादंबरी सांगत नाही. एका स्त्रीचा नकार एवढ्या उंचीवर नेणाऱ्या पुस्तकात दुसरीला वाचाच नाही. पुढे १९७९ साली सँड्रा गिल्बर्ट आणि सुसान गुबर यांनी एकोणिसाव्या शतकातल्या लेखिकांवर मोठा अभ्यासग्रंथ लिहिला, त्याला नावच दिलं 'द मॅडवुमन इन द अ‍ॅटिक', माळ्यावरची वेडी.

त्याआधी, १९६६मध्ये, जीन ऱ्हिस हिने बर्थाला वाचा दिली होती. ऱ्हिस स्वतः वेस्ट इंडीजमधल्या डॉमिनिका बेटावर जन्मलेली. 'वाइड सारगॅसो सी' प्रसिद्ध झाली तेव्हा ती पंच्याहत्तरी ओलांडलेली होती. तिच्या कादंबरीत बर्थाचं खरं नाव अँत्वानेत. बर्था हे नवऱ्याने लादलेलं. त्यात एक प्रसंग आहे. लग्न ठरलेलं असताना अँत्वानेत म्हणते, मी लग्न करणार नाही. घरचे चिडतात. नवरा मुलगा येऊन तिची समजूत घालतो, आणि तिचा 'नाही' चार गोड शब्दांत विरघळतो. तिच्या मालमत्तेपैकी तिच्या नावावर काहीच राखून ठेवलेलं नसतं. त्या काळच्या इंग्रजी कायद्याने लग्नानंतर बायकोचं ते नवऱ्याचं होत असे; १८७० आणि १८८२च्या कायद्यांनी ते हळूहळू बदललं. म्हणजे तिच्या तोंडून निघालेला तो एक नकार हीच तिची शेवटची मिळकत होती. ऱ्हिसची कादंबरी वाचल्यावर 'जेन एअर' पुन्हा वाचली, की वरच्या मजल्यावरचं हसणं वेगळं ऐकू येतं.

आता स्टॉलवरच्या प्रेमकथेकडे वळू. १९१९ साली ई. एम. हल या इंग्रज बाईंची 'द शेख' ही कादंबरी आली आणि प्रचंड खपली. १९२१मध्ये रुडॉल्फ व्हॅलेंटिनोला घेऊन तिच्यावर मूकपट निघाला. डायना नावाच्या मानी इंग्रज तरुणीला अल्जीरियाच्या वाळवंटात एक अरब शेख पळवून नेतो. कादंबरीत तो तिच्यावर वारंवार बळजबरी करतो. तिचा नकार आक्रोशासारखा आहे, त्यात शंकेला जागाच नाही. आणि तरी काही प्रकरणांनंतर तिला कळतं, की आपलं त्याच्यावर प्रेम आहे! एवढं झाल्यावर लेखिकेला आणखी एक अडचण सोडवायची होती. इंग्रज मुलीने अरबाच्या घरी सुखाने नांदावं कसं? म्हणून शेवटी उघड होतं, की हा शेख अरब नाहीच; बाप इंग्रज उमराव आणि आई स्पॅनिश. पडद्यावर तर इटलीत जन्मलेला नट अरब झाला आणि तो अरब इंग्रज निघाला. बळजबरी करायची असेल तोवर तो अरब आणि संसार मांडायची वेळ आली की इंग्रज. स्त्रीचा नकार आणि एका अख्ख्या लोकांची अब्रू, दोन्ही एकाच फटक्यात निकालात!

'मिल्स अँड बून' ही कंपनी लंडनमध्ये १९०८ साली सुरू झाली. कॅनडात १९४९ साली निघालेल्या 'हार्लेक्विन'ने ती १९७१मध्ये विकत घेतली. लिहिणाऱ्या बहुतेक बायका, वाचणाऱ्याही बायका. या पुस्तकांत नायक सुरुवातीला उद्धट असतो, शेवटी त्या उद्धटपणाचं कारण प्रेम होतं असं निघतं. नायिका तोंडाने नाही म्हणते आणि लेखिका आपल्याला सांगते, की तिचं शरीर हो म्हणत होतं. १९७२ची कॅथलीन वुडिविसची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' अमेरिकेत तुफान खपली. तिच्यात नायक सुरुवातीलाच नायिकेवर अत्याचार करतो. ऑस्टेनने ज्या कॉलिन्सची टर उडवली, त्याच्या तर्काला या कथांनी रुंद खांदे आणि घोडा दिला.

बायकांनीच असं का लिहावं? अभ्यासकांनी एक कारण दिलं आहे ते मला पटतं. चांगल्या स्त्रीला इच्छाच नसते, असं ज्या समाजात शिकवलं जातं, तिथे 'हो' म्हणण्याचा दोष अंगावर न घेता सुख कसं घ्यायचं? मग कथेत बळजबरी येते. तिने नाही म्हटलं होतं, म्हणजे तिच्यावर ठपका नाही. जिथे होकाराला बदनामी आहे, तिथे नकारही खोटा होऊन बसतो. स्त्रीला मोकळेपणाने हो म्हणता आलं, तरच तिच्या नाहीला वजन येतं.

ही पुस्तकं वाचणाऱ्या बायकांना हसण्याचं मात्र काही कारण नाही. जॅनिस रॅडवे या अमेरिकन संशोधिकेने अशा वाचक स्त्रियांशी बोलून १९८४ साली 'रीडिंग द रोमान्स' हे पुस्तक लिहिलं. दिवसभर इतरांचं करणाऱ्या त्या गृहिणींना पुस्तक उघडलं की हा वेळ माझा, असं सांगता येत होतं. म्हणजे वाचणं हाच त्यांचा घरातला छोटा नकार होता. आणि त्यांना स्वतःला क्रूर, बळजबरी करणारे नायक आवडत नव्हते. नायिकेची मनापासून काळजी घेणारा नायक हवा होता. नंतरच्या काळात या कथाही बदलल्या. नायिका नोकरी-व्यवसाय करू लागली, नायक विचारू लागला. आज लिहिल्या जाणाऱ्या पुष्कळ प्रेमकथांत संमतीचा प्रश्न उघडपणे येतो.

हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. आमच्याकडे निकाहाच्या वेळी वकील आणि साक्षीदार वधूकडे जातात, वराचं नाव आणि मेहेरची रक्कम सांगून विचारतात, कबूल आहे का? तिच्या संमतीवाचून निकाह होत नाही. हा प्रश्न ही मोठी गोष्ट आहे, कारण प्रश्न आहे म्हणजे दोन उत्तरं शक्य आहेत. पण मांडव पडलेला, पाहुणे जेवायला बसलेले, खाला, फुफी, मुमानी भोवती दाटलेल्या. अशा वेळी दुसरं उत्तर द्यायचं कुणी? ती गप्प राहिली तर ती लाजली असं धरून होकार लिहिला जातो. शेजारच्या घरात कांदेपोह्यांच्या बशा उचलल्यावर मुलीला पसंती विचारतात आणि तिच्या गप्प बसण्यावरून मौन म्हणजे संमती असं ठरवतात. दोन्ही घरांत प्रश्न विचारला जातो. दोन्ही घरांत उत्तरासाठी कुणी थांबत नाही.

आपल्या कायद्यात २०१३ साली एक दुरुस्ती झाली. स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवल्यावरही तिचा पुन्हा पुन्हा पाठलाग करणं, तिच्याशी संपर्क साधायचा प्रयत्न करणं, हा गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कलम आहे. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ची. एलिझाबेथने दिवाणखान्यात जे परोपरीने समजावलं, ते कायद्याच्या भाषेत यायला आपल्याकडे दोनशे वर्षं लागली. तोवर आपल्या कितीतरी चित्रपटांनी आणि गाण्यांनी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना कॉलिन्सचंच गणित शिकवलं, की ती नाही म्हणाली म्हणजे अजून एकदा विचार. त्या गणिताने काही मुलींचं शिक्षण सुटलं, काहींचे चेहरे जळाले, काहींचे जीव गेले. हे साहित्याबाहेरचं आहे असं मला म्हणता येत नाही.

म्हणून प्रेमकथा वाचू नका, असं मी मुळीच सांगणार नाही. मी स्वतः प्रेमाच्या कविता लिहिते आणि लिहीत राहीन. एवढंच सुचवते, की घरातल्या मुलीच्या हातात गोष्टीचं पुस्तक दिसलं किंवा तिने एखादी मालिका पाहिली, तर तिच्याशी बोला. नायिका कुठे नाही म्हणाली का, मग पुढे काय झालं, आणि तुला ते पटलं का, एवढं विचारा. तिचं उत्तर येईपर्यंत थांबा. आणि हाच प्रश्न घरातल्या मुलालाही विचारा. त्याला तर तो आजवर बहुधा कुणी विचारलेलाच नाही.